सर दिसले की उतरायचं

टँकरचा ब्रेक करकचून लागला तेव्हा भीमाशंकर हुडगे सरांचा उजवा हात नमस्काराला उत्तर द्यायला अर्धा वर गेला होता, आणि तो तसाच राहिला. डाळमिलच्या चौकात, रस्त्याच्या बरोबर मधोमध, सातवीतली रुद्राणी बापाची मोठी सायकल धरून उभी होती. कॅरियरला रिकामा कॅन बांधलेला, एक चप्पल मागे पडलेली, आणि मान खाली घालून अगदी व्यवस्थित, शब्द न चुकवता, "नमस्ते सर." तिच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर टँकरचं तोंड थांबलं होतं आणि वरच्या झाकणातून उसळलेलं पाणी बदाबदा रस्त्यावर पडत होतं. पोरगी वाचली याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. कडेच्या घरांतून बाया घागरी, पातेली घेऊन धावल्या होत्या, एक तर चक्क कणीक मळायची परात घेऊन टँकरखाली शिरली होती. टँकरवाला दगडोबा खाली उतरला. तो आता पोरीवर ओरडणार म्हणून सरांनी 'जाऊ द्या, लहान आहे' हे वाक्य जिभेवर तयार ठेवलं. पण दगडोबा पोरीकडे बघेचना. तो सरळ सरांपुढे आला, डोक्यावरची टोपी काढली, नमस्कार केला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, तुमी हितं उभं राहू नका. तुमी नसलाव की पोरं नीट जातेत."

एवढं बोलून तो टँकरवर चढून गेलासुद्धा. त्याला खेपा करायच्या होत्या. सर मात्र तिथेच, डोळे तपासणी शिबिराच्या कापडी फलकाखाली, हात अर्धा वर धरून उभे राहिले. त्यांना राग यायला हवा होता आणि तो येत नव्हता, याचाच त्यांना जास्त राग आला. कारण या चौकात पोरांच्या जिवाची काळजी वाहायला एकच माणूस नेमलेला होता आणि तो म्हणजे ते. लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. कचेऱ्या आल्या, साहेब आले, साहेबांच्या जिपा आल्या, जिपांना जायला रस्ते रुंद झाले, रस्त्यांना नावं मिळाली. पाणी तेवढं सोडून सगळं आलं होतं. सलग दुसरं वर्ष पाऊस दगा देऊन गेला होता. नळाला चार दिवसांनी खरखर आवाज यायचा आणि लोक त्या आवाजावरच समाधान मानायचे. शाळेच्या हापशाला मात्र अजून पाणी होतं. त्यामुळे ज्या घरांनी जन्मात पोराला सायकलला हात लावू दिला नव्हता, त्यांनी आता सायकल आणि कॅन दोन्ही पोराच्या हवाली करून त्याला शाळेत धाडायला सुरुवात केली. शाळेची हजेरी कधी नव्हे ती वाढली. आणि इकडे टँकरही तसेच सुसाट. तेव्हा वरून हुकूम आला की मुलांना रस्त्यानं नीट चालायला आणि सायकल नीट चालवायला शिकवा. मुख्याध्यापकांनी हुडगे सरांना बोलावलं. तुमचा आवाज मोठा आहे, ते म्हणाले.

सरांनी ते काम मनापासून केलं होतं, हे कुणीही कबूल केलं असतं. मैदानावर चुना टाकून त्यांनी अख्खा चौक आखला. दोन बाकडी जोडून त्यांचा ट्रक केला आणि त्याला दहावीच्या दोन दांडग्या पोरांकडून ढकलवत आणलं. डाव्या बाजूनं चालवा. वळायच्या आधी हात दाखवा. रस्ता ओलांडताना आधी उजवीकडं बघा, मग डावीकडं, मग पुन्हा उजवीकडं. पोरं शिकली. एवढं नीट शिकली की वर्गातून पाणी प्यायला जातानाही ती दारात थांबून उजवीकडं-डावीकडं बघायची. मग सर रोज सकाळी शाळेच्या आधी चौकात उभे राहू लागले. सगळं शिकवून झालं होतं. एक गोष्ट शिकवायची राहिली होती, ती त्यांच्या लक्षात आली नव्हती असं म्हणणं खोटं ठरलं असतं. ती लक्षात आली होती आणि त्यांनी ती तशीच, गोड मानून, ठेवून दिली होती. सर दिसले की सायकलवरून उतरायचं, हे पोरांना त्यांनी शिकवलं नव्हतं. ते पोरं घरूनच शिकून आली होती.

त्या उतरण्यापायी तर भीमाशंकर हुडगे मास्तर झाले होते. रेणापूरला त्यांच्या बापाचं, मलप्पाचं, पेंडीचं दुकान होतं. दुकानावर अंगाला सरकीचा वास लागायचा, तो शाळेतही सोबत यायचा आणि पोरं त्यावरून भीमाला चिडवायची. त्या शाळेत लक्ष्मणराव गुरुजी होते. उंच, सरळ, कुणाकडे न बघता चालणारे. गुरुजी पाटीवरचं अक्षर पार नाकाशी नेऊन तपासायचे आणि पोरांना वाटायचं, काय हे बारकाईनं बघणं. ते वेशीतून निघाले की सायकलवरचा माणूस सायकलवर राहायचा नाही. दूध घालणारा उतरायचा, पोस्टमन उतरायचा, तालुक्याहून आलेला कारकूनसुद्धा आधी इकडंतिकडं बघून, मग नाइलाजानं उतरायचा. गुरुजी मान किंचित हलवायचे. तेवढंच. एकदा मलप्पा कॅरियरवर पेंडीचं पोतं आणि दांड्यावर भीमाला घेऊन येत होता आणि समोरून गुरुजी आले. बाप घाईनं उतरला, धोतराचा सोगा साखळीत अडकला, टरकन फाटला, पोतं एकीकडे, भीमा दुसरीकडे. बाप फाटकं धोतर एका हातानं धरून वाकून उभा राहिला. गुरुजींनी मान हलवली आणि ते गेले. भीमाच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. पण त्याला आठवायचा तो बापाचा चेहरा. संध्याकाळी बाप घरात आईला सांगत होता, गुरुजींनी मान हलवली बरं का. जेवताना पुन्हा सांगितलं. मलप्पासाठी कधी कुणी सायकलवरून उतरलं नव्हतं. पेंडवाल्यासाठी कोण उतरणार? त्या दिवशी, गुडघ्याला हळद लावून घेता घेता, भीमानं ठरवलं की आपण मास्तर व्हायचं आणि लोकांना उतरवायचं. फळा, खडू, पोरांचं कल्याण, हे सगळं पुढं नोकरी लागल्यावर त्यात येऊन मिळालं.

आणि गंमत अशी, की नोकरी लागली ती लातूरला. शहरात कुणी उतरेना. वर्षामागून वर्षं गेली, केस पिकले, कपाळावरचे भस्माचे पट्टे तेवढे पूर्वीसारखे पांढरे राहिले. जिल्हा झाल्यावर तर साहेबांची पोरं शाळेत आली, ती सायकलची घंटी वाजवून, हात हलवून, "गुड मॉर्निंग सर" म्हणत अंगावरून निघून जायची. सरही हसून हात हलवायचे आणि दिवसभर कुणावर तरी विनाकारण चिडायचे. मग हे चौकाचं काम आलं. पहिल्याच सकाळी खेड्याकडून आलेलं एक पोर त्यांना बघून सायकलवरून टुणकन उतरलं. दुसऱ्या दिवशी त्याचं बघून चौघं उतरली. आठवडा उलटेपर्यंत साहेबांची पोरंसुद्धा उतरू लागली. सरांनी ठेवणीतला पांढरा सदरा बाहेर काढला. चपलेला पॉलिश होऊ लागलं. मान किती हलवायची, हे त्यांनी न्हाणीतल्या फुटक्या आरशापुढं ठरवून टाकलं: थोडी, एकदाच, आणि कुणाकडे न बघता. त्यांची बायको शिवकांता हे सगळं बघत होती. पाणी भरायची चिंता सोडून माणूस एवढा खुशीत कसा, एवढंच तिनं विचारलं होतं. मुलांची सेवा, ते म्हणाले होते.

आता त्या सेवेवर दगडोबा पाणी ओतून गेला होता. दिवसभर वर्गात सर भूगोल शिकवत होते आणि फळ्यावर नदी काढता काढता त्यांना टँकरच्या तोंडाशी उभी असलेली रुद्राणी दिसत होती. तिच्या त्या 'नमस्ते सर'मध्ये किती विश्वास होता. आपण इथं उभे आहोत म्हणजे आपल्याला काही होणार नाही, असं तिला वाटलं असणार. आणि ती उतरली ती आपल्याला खूश करायला. पण लगेच दुसरा विचार आला, आणि तो आल्याची त्यांना लाज वाटली: उतरू नका असं सांगितलं, तर पुन्हा आयुष्यात कुणी उतरणार नाही. तेव्हा माणूस करतो तेच त्यांनी केलं. मधला मार्ग काढला. आपण चौकात असायचं, पण दिसायचं नाही.

चौकाच्या कोपऱ्यावर गुंडप्पाची पानटपरी होती. दुसऱ्या दिवशी सर टपरीच्या मागे, रिकाम्या खोक्यांच्या आडोशाला उभे राहिले आणि फळीच्या फटीतून चौकावर नजर ठेवू लागले. आधी सगळं छान झालं. पोरं आली, सर दिसले नाहीत, तीन-चार पोरं डाव्या बाजूनं नीट गेली. सरांना समाधान वाटलं आणि त्या समाधानात एक बारीकशी कळही आली. तेवढ्यात एका पोरानं टपरीखालून सरांच्या पॉलिश केलेल्या चपला ओळखल्या. ते तिथंच उतरलं आणि टपरीला नमस्कार करून गेलं. मागच्यांना कारण कळलं नाही, पण पुढचा उतरला म्हणून तीही उतरली. तासाभरात शाळेभर झालं की आता टपरीपाशी उतरायचं. गुंडप्पाला वाटलं, हे आपल्यालाच. इतक्या वर्षांत त्याला कुणी नमस्कार केला नव्हता. त्यानं घाईनं तोंडातलं पान थुंकलं, बनियनवर सदरा चढवला आणि प्रत्येक पोराला दोन्ही हात जोडू लागला. "लई संस्कारी पोरं हायेत सर," तो मागे वळून फळीच्या फटीत म्हणाला, "मलाबी उतरायलेत." त्याच्या आवाजात एवढं भरून आलं होतं की सरांना खरं सांगवेना. त्यांना तो चेहरा ओळखीचा वाटला. आरशात बघितलेला होता.

त्या संध्याकाळी शिवकांता दारात नळाची खरखर ऐकत बसली होती. सरांनी तिला सगळं सांगितलं, म्हणजे टँकरचं सांगितलं, चपलांचं सांगितलं, गुंडप्पाचं सांगितलं. आपलं स्वतःचं सोडून सगळं. ती म्हणाली, मग पोरांना सांगून टाका की उतरू नका म्हणून, त्यात काय एवढं. सरांनी तिला समजावलं की हे इतकं सोपं नाही, हा संस्काराचा प्रश्न आहे, पिढ्यान्पिढ्या चालत आलेली गोष्ट अशी मोडता येत नाही, उद्या पोरं मोठ्यांना विचारणार नाहीत. बराच वेळ ते बोलत होते. आवाज मोठा असल्यामुळे शेजाऱ्यांनाही कळत होतं. शिवकांतानं घागर नळाखालून काढून बाजूला ठेवली.

"लेकराला टँकर लागल्यावर कोण उतरल तुमच्यासाठी?" ती म्हणाली. "मीबी न्हाई उतरणार."

तिच्याकडं सायकल नव्हती, तिला चालवताही येत नव्हती, पण हे सुचेपर्यंत ती घागर घेऊन आत गेली होती. त्यांना एकदम फार एकटं वाटलं. बाप असता तर त्याला विचारता आलं असतं. पण बाप काय म्हणाला असता, हेही त्यांना माहीत होतं. बाप म्हणाला असता, पोरगी वाचव, धोतर काय दुसरं मिळतंय.

शनिवारी सकाळी मैदानावर पुन्हा चुन्याचा चौक आखला गेला. सर मधोमध जाऊन उभे राहिले आणि पोरांना सायकलवरून जायला सांगितलं. पहिलं पोर आलं आणि उतरलं. दुसरं आलं, उतरलं. बाकड्यांचा ट्रक ढकलणाऱ्या दांडग्यांनी दुसऱ्या पोराच्या कॅनला ट्रक हळूच टेकवला. सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यांनी घसा खाकरला, आणि ज्या आवाजासाठी त्यांना नेमलं होतं तो आवाज नेमका त्या वेळी बारीक निघाला. रस्त्यावर मी दिसलो तर उतरायचं नाही, ते म्हणाले. मी तिथं नाहीच असं समजायचं. पोरांना हे पटेना. सर दिसत असताना नाहीत कसे समजायचे? मग सरांनी त्यांना सांगितलं की मी विजेचा खांब आहे असं समजा. यावर खांबाला धडकायचं नाही ना, असं मागून कुणीतरी विचारलं. रुद्राणीनं मात्र हात वर केला होता. ती गंभीर होती.

"मंग तुमचा मान कुठं द्यायचा, सर?"

एवढा सरळ प्रश्न त्यांना कधी कुणी विचारला नव्हता. त्यांनीही स्वतःला विचारला नव्हता.

"शाळेत द्यायचा," ते म्हणाले. "रस्त्यावर सर नसतेत."

मग सर खांब झाले. हात अंगाला चिकटवून, नजर समोर ठेवून उभे राहिले आणि पोरं त्यांच्या डाव्या अंगानं, उजव्या अंगानं सायकली मारत गेली. सुरुवातीला पाय अडखळत होते, हँडल थरथरत होतं, एक-दोघं निम्मी उतरून पुन्हा चढली. पण दोन फेऱ्यांत जमलं. तिसऱ्या फेरीला तर कुणाच्या लक्षातही राहिलं नाही की हा खांब भूगोल शिकवतो. ज्याला पिढ्या लागल्या म्हणून ते बायकोला सांगत होते, ते मधल्या सुट्टीच्या आत संपलं होतं. सरांना खूप वाईट वाटलं. निदान दोन-चार पोरांनी तरी हट्ट धरायला हवा होता, असं त्यांना वाटत राहिलं.

सोमवारी ते फलकाखाली उघड उभे राहिले. पोरं आली आणि गेली. रुद्राणी दांड्याखालून पाय घालून, जीभ दातात धरून, डाव्या बाजूनं गेली. त्यांच्याकडे तिनं बघितलंही नाही. टँकर आला, तोही गेला. कुणी उतरलं नाही, काही सांडलं नाही, बाया घागरी घेऊन दारात आल्या होत्या त्या हिरमुसून आत गेल्या. फक्त गुंडप्पा इस्त्रीचा सदरा घालून टपरीपुढं हात जोडून उभा होता आणि त्याला काही कळत नव्हतं. सरांना त्याच्याकडे बघवेना. काम फत्ते झालं होतं. तसं मनाला सांगत ते आपल्या सायकलवर बसले आणि शाळेकडे निघाले. चौकाच्या मध्यावर आले आणि समोर, डोळे तपासणीचं शिबिर भरलेल्या धर्मशाळेकडे तोंड करून, रस्त्याच्या कडेला लक्ष्मणराव गुरुजी उभे असलेले त्यांनी पाहिले. वाकलेले, हातात पिशवी, पण मान तशीच, कुणाकडे न बघणारी.

सरांनी काही ठरवलं नाही. ठरवायला वेळच नव्हता. त्यांचं अंग त्यांच्याआधी उतरलं. पाय जमिनीला लागला, विजारीचा काठ साखळीत गेला, टरकन आवाज आला आणि मागे, दुसऱ्या खेपेला आलेल्या टँकरचा ब्रेक करकचून लागला. पाणी उसळलं. बाया धावल्या, परातही आली. सर मात्र चौकाच्या मधोमध, सायकल धरून, वाकून उभे होते आणि आपण वाकलेलो आहोत हे त्यांना सगळ्यात शेवटी कळलं. दगडोबानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. या वेळी त्यानं टोपी काढली नाही. पण तो बोलायच्या आत, ब्रेकचा आवाज ऐकून परत फिरलेली रुद्राणी चौकाच्या पलीकडून, सायकल भिंतीला नीट टेकवून, उजवीकडं-डावीकडं-उजवीकडं बघून, चालत त्यांच्यापाशी आली होती.

"सर, रस्त्यावर सर नसतेत," ती हळूच म्हणाली, आणि साखळीतून विजार सोडवू लागली.

तिच्या मागोमाग सर कडेला आले. गुरुजींपुढं वाकून त्यांनी पाय धरले. गुरुजींनी चाचपून त्यांचं डोकं, कान, कपाळ बघितलं, बोटाला भस्म लागलं. मी भीमाशंकर, मलप्पा पेंडवाल्याचा, असं सरांनी सांगितलं तेव्हा म्हाताऱ्याला खरोखर आनंद झाला. तो गोंधळ कशाचा झाला, त्यांनी विचारलं. तुम्ही दिसलात म्हणून सायकलवरून उतरलो, असं सर म्हणाले.

"मला तर तू दिसला न्हाईस, बाबा," गुरुजी म्हणाले. "तवाबी दिसत नव्हतं कुणी. चष्मा पाहिजे ह्येच मालूम नव्हतं. फुडं कायतरी थांबल्यासारखं वाटलं की मी मान हलवायचो. लई येळा म्हशी असायच्या."

आणि ते तोंडाला लावायला पदर नसलेल्या बाईसारखे, हातानं तोंड झाकून, मनमोकळं हसले. सरांना आधी काहीच वाटलं नाही. मग त्यांना फाटकं धोतर धरून उभा असलेला बाप दिसला, जेवताना दुसऱ्यांदा सांगणारा बाप. बापाला म्हैस समजून मान हलवली होती की काय, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. पण बाप त्या रात्री सुखानं झोपला होता. तेवढी एक मान त्याला पुरली होती. आणि आपण? आपल्याला इतकी वर्षं काय पुरत नव्हतं? हुंदका यायचा तो हसू होऊन बाहेर पडला आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते रुद्राणीनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मग तिनं गुरुजींचा हात धरला. शिबिराला जायला रस्ता ओलांडायचा होता. आधी उजवीकडं बगा आजोबा, ती म्हणाली, मग डावीकडं. काहीच न दिसणाऱ्या गुरुजींनी आज्ञाधारकपणे उजवीकडं मान फिरवली आणि हलवली, डावीकडं फिरवली आणि हलवली. उजवीकडे टँकरमध्ये बसलेल्या दगडोबानं घाईनं टोपी काढली. डावीकडे गुंडप्पानं हात जोडले आणि त्याचा चेहरा उजळला. सर फाटकी विजार एका हातानं धरून त्यांच्या मागून चालत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर पुन्हा फलकाखाली उभे राहिले. सदरा ठेवणीतला नव्हता, रोजचाच होता. पहिलं पोर सायकलवरून आलं, उतरलं नाही, तेव्हा सरांनी त्याच्याकडे नीट बघून मान हलवली. ते पोर पुढं गेल्यावर मागे वळणार होतं, पण वळायचं नाही हे आठवून नुसतंच घंटी वाजवत गेलं. मग दुसरं आलं, तिसरं आलं. खांब मान हलवतो हे पोरांना कळलं आणि ती हसत हसत, डाव्या बाजूनं, सरळ जाऊ लागली. रुद्राणी आली, गेली, तिला मान हलवली. टँकर आला, त्यालाही हलवली. मग रस्ता मोकळा झाला आणि कोरड्या हौदाकडून परत फिरलेली एक म्हैस संथपणे चौकात आली, सरांपुढं थांबली. सरांनी तिलाही मान हलवली.